ऊन खाल्लेला टायर

तालुक्याच्या गावात टायरचं दुकान लांबून ओळखू येतं. शटरच्या बाहेर, पत्र्याच्या छपराखाली, आडव्या बांबूला टायर ओवलेले असतात. सकाळी त्यांच्यावर सावली असते, दुपारी तीननंतर थेट ऊन. बहुतेक माल रोजच्या खपाचा: २.७५-१८, ८०/१००-१८, स्कूटरचे ९०/१००-१०. हे आज आले की महिन्याभरात कुणाच्या तरी स्प्लेंडरला नाहीतर ॲक्टिव्हाला जाऊन बसतात. त्याच बांबूच्या टोकाला मात्र एखादा रुंद, बुटका टायर वर्षानुवर्षं एकटा लटकलेला दिसतो. १३०/९०-१५, ॲव्हेंजरचा मागचा. गावात अशा गाड्या चार-पाच, त्यामुळे तो कधी मागवला होता ते दुकानदारालाही आठवत नाही. “नवाच हाये भाऊ, पट्टी बी निघाली नाही अजून,” असं तो सांगतो, आणि ते खोटंही नसतं. टायर वापरलेला नाही. जुना मात्र झालेला आहे.

क्रूझरचा, म्हणजे ॲव्हेंजरसारख्या लांब, बसक्या बैठकीच्या मोटारसायकलचा, टायर बदलायची वेळ आली की बोलणं कंपनीपासून सुरू होतं आणि नक्षीवर संपतं. विदर्भात ते तारखेपासून सुरू व्हायला हवं. इथे क्रूझर रोज राबत नाही. शेतावर जायला दुसरी गाडी असते. ही निघते लग्नकार्याला, जिल्ह्याच्या गावी, कधी चिखलदऱ्याला. वर्षाकाठी फिरणं थोडं आणि ऊन मात्र पूर्ण. अशा गाडीचा टायर झिजून जाण्याआधी वाळून जातो.

तारीख वाचायला अवघड नाही. टायरच्या कडेवर ‘डीओटी’ या अक्षरांनंतर एक लांबट सांकेतिक ओळ असते आणि तिच्या शेवटी चार आकडे, बहुधा लांबट गोल चौकटीत. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा, जूनची सुरुवात. ४१२१ म्हणजे २०२१ चा ऑक्टोबर. हे आकडे पुष्कळदा एकाच बाजूला असतात, म्हणून टायर खाली उतरवून, पुसून, दोन्ही बाजूंनी बघावा. लटकलेल्या अवस्थेत नेमकी तीच बाजू भिंतीकडे असते. आयएसआयची खूणही तिथेच सापडते. दुचाकीच्या टायरांचं मानक आयएस १५६२७ आहे.

वर्षाच्या आतला टायर डोळे झाकून घ्यावा. दीड-दोन वर्षांचा असेल आणि आत, अंधाऱ्या कोठीत उभा ठेवलेला असेल, तरी चालतो. पण तेवढ्याच वयाचा टायर दोन उन्हाळे बांबूवर काढून आला असेल, तर किंमत कितीही उतरवली तरी तो महाग पडतो. दुकानदाराशी वाद घालण्यात अर्थ नाही. नागपूर, अमरावती, अकोला इथल्या घाऊक विक्रेत्याकडून तो दोन-चार दिवसांत ताजा टायर आणून देऊ शकतो. फक्त मागवण्याआधी चार आकड्यांचा फोटो मोबाइलवर मागवून घ्यायला सांगावं. गंमत अशी, की सीएटचा दुचाकी टायरांचा कारखाना बुटीबोरीलाच आहे. टायर घरच्या अंगणात तयार होतो आणि पन्नास कोसांवरच्या दुकानात तीन वर्षांचा होऊन भेटतो. पक्कं बिल घ्यावं. कंपनीची वॉरंटी त्याशिवाय उभी राहत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा त्याआधीची किंमत छापलेला माल समोर आला तर तेवढं बोलून घ्यायला हरकत नाही.

आता हे वाळणं म्हणजे नेमकं काय. रबर टिकावं म्हणून त्यात मेणासारखी द्रव्यं आणि हवेतल्या ओझोनला अडवणारी रसायनं मिसळलेली असतात. ती हळूहळू पृष्ठभागावर येतात आणि एक पातळ थर धरतात. जुन्या टायरच्या कडेवर तपकिरी झाक दिसते ती त्याचीच. हा थर नवा होत राहतो तो टायर चालताना दबतो-फुगतो म्हणून. उभ्या गाडीच्या टायरला हे मळणं मिळत नाही. वरचा थर उन्हानं उडतो आणि खालून नवा येत नाही. त्यामुळे महिनोन्महिने ओट्याखाली उभ्या असलेल्या गाडीच्या टायरला रोज पन्नास किलोमीटर पळणाऱ्या गाडीआधी भेगा पडतात. ‘गाडी चाललीच नाही, टायर नवेच आहेत’ असं सांगून विकली जाणारी जुनी क्रूझर घेताना हे विसरू नये. वॉशिंगवाला टायरला जो काळाकुळकुळीत चकाकणारा पॉलिश मारतो, तोही नकोच. पेट्रोलियमचा अंश असलेला पॉलिश ही संरक्षक द्रव्यं ओढून घेतो, आणि जमिनीला टेकणाऱ्या भागावर लागला तर पहिल्याच वळणाला चाक सरकतं.

तपासायची रीत साधी आहे. उन्हात गाडी उभी करून कडेची भिंत अंगठ्यानं दाबत फिरावं. केसासारख्या वरवरच्या रेघा दिसल्या तर नजर ठेवायची. नक्षीच्या खाचेच्या तळाशी भेग दिसली, किंवा दाबल्यावर भेग उघडून आतलं सूत दिसलं, तर तो टायर संपला, मग वरची नक्षी कितीही उरलेली असो. नख रोवून बघावं; ताज्या रबरात नख किंचित बसतं, वाळलेल्यावर घसरतं. पाच वर्षांनंतर दरवर्षी ही तपासणी करावी आणि दहा वर्षांचा टायर तपासण्याच्या भानगडीतही न पडता काढावा.

झीज मोजायलाही नेमकी खूण असते. खाचांच्या तळाशी ठरावीक अंतरावर छोटे उंचवटे असतात, कडेवर त्यांच्या सरळ रेषेत त्रिकोण किंवा ‘टीडब्ल्यूआय’ ही अक्षरं. नक्षी त्या उंचवट्याच्या पातळीला आली की झालं. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे दुचाकीच्या नक्षीची खोली ०.८ मिलीमीटरच्या खाली जाता कामा नये. तिथवर थांबावं असं मात्र नाही. पावसात पाणी बाजूला सारायचं काम त्याच्या बरंच आधी मंदावतं. मृगाच्या तोंडावर नक्षी दीड मिलीमीटरवर आलेली असेल तर तो टायर दिवाळीपर्यंत ओढू नये.

क्रूझरचा मागचा टायर मधल्या पट्ट्यात आधी गोटा, म्हणजे गुळगुळीत, होतो. सरळ रस्ता, मागे बसलेलं वजन आणि इंजिनाचा सगळा जोर त्याच पट्ट्यावर. गोल पाठ चपटी होते. नागपूर-हिंगणघाट सरळ जाताना हे कळतही नाही. परतवाड्याहून चिखलदऱ्याच्या घाटात मात्र गाडी आधी वळायला कुरकुरते आणि मग चपट्या भागाची कड ओलांडताच एकदम आत पडते. लोक दोष हँडलच्या बेअरिंगला देतात. पुढच्या टायरची गोष्ट वेगळी. त्यावर तळहात आधी पुढे, मग मागे फिरवावा. एका दिशेनं गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेनं करवतीसारखं लागलं तर कमी हवेवर बराच काळ ब्रेक खाल्लेला टायर आहे. साधारण मागचे दोन होईपर्यंत पुढचा एक लागतो. जोडीनं बदलण्याची सक्ती नाही, पण पुढचा भेगाळला असेल तर ‘अजून नक्षी आहे’ म्हणून ठेवू नये. मागचा सुटला तर बहुतेकदा गाडी डोलते, सावरायला वेळ मिळतो. पुढचा सुटला तर तो मिळत नाही.

मापाकडे वळू. १३०/९०-१५ ६६पी यात १३० ही मिलीमीटरमधली रुंदी, ९० म्हणजे त्या रुंदीच्या ९० टक्के उंची, १५ हा रिमचा इंचातला व्यास. ६६ हा वजनाचा आकडा, म्हणजे ३०० किलो. ‘पी’ म्हणजे ताशी १५० किलोमीटरपर्यंत. त्याच गाडीच्या पुढच्या ९०/९०-१७ वर ४९ असतो, म्हणजे १८५ किलो. मीटिओर ३५० या दुसऱ्या क्रूझरला पुढे १००/९०-१९ आणि मागे १४०/७०-१७ लागतो. दुकानात माप नसलं की ‘हाच बसतो जी, उन्नीस-बीसचा फरक’ असं म्हणत जवळचं माप पुढे केलं जातं. तेव्हा कागदावर हिशोब करावा. १३०/९०-१५ ची एका बाजूची उंची ११७ मिलीमीटर; दोन बाजू आणि १५ इंचांचे ३८१ मिळून व्यास ६१५. त्याऐवजी १३०/८०-१५ बसवला तर व्यास ५८९. गाडीचा मागचा भाग १३ मिलीमीटर खाली येतो, आणि आपल्याकडे गतिरोधक ज्या मापाचे घालतात ते पाहता तेवढं अंतर पुरेसं असतं सायलेन्सर घासायला. शिवाय त्याच वेगाला इंजिन चार टक्के जास्त फिरतं. याउलट ११०/९०-१८ आणि १२०/८०-१८ यांच्या व्यासात फक्त सहा मिलीमीटरचा फरक आहे. रिमच्या रुंदीत बसत असेल तर तो बदल चालून जातो. नुसत्या दिसण्यासाठी मागे आणखी रुंद टायर घालण्याची हौस मात्र सोडावी. अरुंद रिमवर रुंद टायर चिमटला जातो, पाठ जास्तच टोकदार होते, आणि स्विंगआर्मला (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याला) किंवा चेनकव्हरला घासायला लागतो.

वजनाचा आकडा हा दुकानात कुणी न बघणारा भाग. मीटिओरच धरा: गाडी १९१ किलो, दोन माणसं १४० किलो, सामान २० किलो. साडेतीनशेच्या वर गेलं, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त मागच्या चाकावर. ६६ चा टायर हे निभावतो. कमी आकड्याचा स्वस्त टायरही निभावतो, हवा पुरेशी असेपर्यंत. त्यावर तुरीचं पन्नास किलोचं पोतं आडवं टाकून मोंढ्यात जायचं असेल तर क्रूझर घरी ठेवलेली बरी.

हवेवरून आठवलं, आपल्याकडे एक समज पक्का बसला आहे: उन्हाळ्यात हवा कमी ठेवा, नाहीतर टायर फुटतो. हे उलटं आहे. टायर तापतो तो मुख्यतः दबून-फुगून, आणि हवा कमी असेल तर तो जास्त दबतो. चंद्रपूर-अकोल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर असतो, डांबर साठीच्या पुढे. त्यात कमी हवेचा टायर, मागे बसलेलं माणूस आणि ताशी ऐंशीचा वेग. कडेचं सूत आतून सुटायला लागतं, आणि मग जो फुटतो त्याचा दोष उन्हावर जातो. पहाटे पंचवीस अंशांना भरलेली २८ पीएसआय हवा हवामानामुळे पंचेचाळीस अंशांना तीनएक पीएसआयनं वाढते. ही वाढ टायर बनवणाऱ्यानं धरलेलीच असते. म्हणून हवा पहाटे, गाडी बाहेर काढण्याआधी, थंड टायरवर मोजावी. आकडा चेनकव्हरवरच्या किंवा स्विंगआर्मवरच्या स्टिकरचा. दोघं बसणार असतील तर मागच्या चाकासाठी तिथेच वेगळा आकडा दिलेला असतो. दुपारी पंपावर तापलेल्या टायरमधली ‘जास्तीची’ हवा सोडली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी तो कमी हवेचाच असतो. पंपावरच्या काट्यावर भरवसा ठेवण्यापेक्षा खिशात मावणारा स्वतःचा गेज घ्यावा.

ट्यूब की ट्यूबलेस, हा इथे काट्यांचा प्रश्न आहे. बाभूळ, हिवर, कुंपणाच्या फांद्या, बैलाच्या नालेचे खिळे. साध्या स्पोकच्या रिममध्ये ट्यूब लागणारच. अलॉय रिम आणि ट्यूबलेस असेल तर बाभळीचा काटा फारसं काही करत नाही. हवा दिवसभर हळूहळू जाते आणि गावापर्यंत पोहोचता येतं. ट्यूबमध्ये तोच काटा पाच मिनिटांत चाक बसवतो. त्यात मधलं स्टँड नसलेली क्रूझर म्हणजे मागचं चाक काढायला इंजिनाखाली दगड रचायचे, आणि धरायला दोन माणसं शोधायची.

ट्यूबलेसची दुरुस्ती स्वतःला यावी. काटा किंवा खिळा काढण्यापूर्वी तो कोणत्या कोनात घुसला आहे ते बघावं. त्याच कोनात खरवडणी चार-पाच वेळा आतबाहेर फिरवायची, रबरी दोरी सुईत ओवून तिला सोल्यूशन लावायचं, दोरीची दोन्ही टोकं दीड सेंटीमीटर बाहेर राहतील इतपत आत ढकलायची आणि सुई झटक्यात ओढायची. टोकं दोन-तीन मिलीमीटर ठेवून कापायची. अगदी सपाट कापली तर दोरी आत जाते. वर थुंकी किंवा साबणाचं पाणी लावून बुडबुडा पाहायचा. हे फक्त मधल्या पट्ट्यातल्या छिद्रासाठी. शेतात पऱ्हाटीचं किंवा तुरीचं विळ्यानं तिरपं कापलेलं धसकट कडेत घुसलं तर तिथे दोरी टिकत नाही. आत ट्यूब टाकून गाव गाठायचं आणि टायर बदलायचा. खड्ड्यात आदळून रिम आउट, म्हणजे वाकडी, झाली असेल तर नवा ट्यूबलेस टायरही कडेतून हवा सोडत राहतो. आधी रिम.

नक्षीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. पुढच्याला मधून जाणाऱ्या लांब खाचा, मागच्याला आडव्या जाणाऱ्या, हे ठीक. फक्त एका मोहाबद्दल बोललं पाहिजे. पांधणीनं, शेताच्या कच्च्या वाटेनं, जावं लागतं म्हणून क्रूझरला बटण टायर, म्हणजे उंच सुट्या ठोकळ्यांच्या नक्षीचा. काळ्या मातीचा स्वभाव माहीत असलेल्यानं हा खर्च करू नये. भिजलेली काळी माती फुगते आणि चिकटते. बटणांच्या मधली जागा चाकाच्या दहा-बारा फेऱ्यांत गाऱ्यानं भरते आणि टायर पुन्हा गोटाच होतो, वर दोन किलो जड. मग तोच गारा पुढच्या मडगार्डमध्ये गच्च बसतो आणि चाक फिरायचं थांबतं. रुंद टायर घातला असेल तर ती फट आणखी कमी. भंडारा-गोंदियाकडे धानाच्या बांध्यांमधून येणारे ट्रॅक्टर डांबरावर जो चिखल आणतात, त्यावरही बटणं कामाची नाहीत. तिथे हळू जाणं आणि पुढचा ब्रेक न दाबणं हेच. वर्षाचे उरलेले आठ महिने ती बटणं डांबरावर घोंघावतात, ब्रेकला जास्त अंतर घेतात आणि लवकर झिजतात. पांधण दोन दिवसांत वाळते. तेवढं थांबावं.

बसवताना काय चुकतं ते आता. टायरवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेनं हवा. दुकानात गर्दी असली की उलटा बसतोच. पिवळा ठिपका असेल तर तो टायरची हलकी बाजू दाखवतो, तो वॉल्व्हपाशी यावा. कडेला साबणाचं पाणी लावावं. डिझेल किंवा जळकं ऑइल लावणारे आहेत. त्यानं रबर खराब होतं आणि टायर रिमवर सरकतो. नव्या टायरला नवी ट्यूब, आणि नेमक्या मापाची. पंधरा इंची ट्यूब नाही म्हणून सतरा-अठरा इंची आत घडी घालून बसवली तर ती घडी घासते, तापते आणि दोन-तीनशे किलोमीटरवर फाटते. स्पोकची टोकं आत आली असतील तर घासून घ्यावीत, गंज खरवडावा, रिमवरची रबरी पट्टी नवी टाकावी, ट्यूबला टाल्कम पावडर चोळावी. वॉल्व्हचा नट रिमवर आवळायचा नाही, तो वर टोपीपाशी ठेवायचा. टायर थोडा सरकला की वॉल्व्ह तिरका दिसतो आणि ती आगाऊ सूचना असते; आवळलेला असेल तर सूचनेऐवजी वॉल्व्ह मुळातून उपटतो.

हवा भरल्यावर रिमच्या कडेलगत टायरवर जी बारीक रेघ असते, ती सगळीकडे रिमपासून सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. एका जागी आत गेली असेल तर हवा सोडून, साबण लावून पुन्हा. टायर बसत नाही म्हणून कडेवर छापलेल्या कमाल दाबाच्या पलीकडे जाऊ नये. मागचं चाक बसवताना स्विंगआर्मच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या, चेनचा ढिलेपणा स्टिकरप्रमाणे, ॲक्सलची पिन नवी. आणि डिस्क ब्रेक असेल तर दुकानातून निघण्याआधी लिव्हर घट्ट लागेपर्यंत दाबावा. चाक काढताना पॅड मागे सरकलेले असतात, पहिल्या दाबाला ब्रेक लागत नाही, आणि दुकान नेमकं चौकात असतं.

पहिले दीडशे किलोमीटर गाडी सरळ आणि सावकाश चालवावी. नव्या टायरचा पृष्ठभाग साच्यातून निघालेला, तुळतुळीत असतो. तो खरखरीत झाल्याशिवाय घाट नाही, करकचून ब्रेक नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी हवा पुन्हा मोजावी.

राहिला जुना टायर. तो दुकानातच ठेवून येऊ नये. गोटा झालेल्या टायरवर गरम पात्यानं नव्या खाचा पाडून तो आठवडी बाजारात विकायला बसणारे असतात, आणि खाच पाडताना उरलंसुरलं रबरही सुतापर्यंत जातं. घरी आणून करवतीनं कडेची तार दोन ठिकाणी कापावी, मग तो कुठल्याच रिमवर चढत नाही. गोठ्याच्या पत्र्यावर वजन म्हणून टाकायला तो अजून चांगली दहा वर्षं पुरतो. तिथे ऊन लागलं तरी हरकत नाही.